वानखडे सरांची मिशी

वानखडे सरांनी मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: दाढी करायला शिकवलं. ते गणिताचे मास्तर, मी मराठीचा. त्यांचं गणित मला कळलं नाही आणि माझ्या कवितांचा त्यांना कंटाळा. पण आज इतक्या वर्षांनी सकाळी आरशासमोर उभा राहिलो की हात त्यांनी घालून दिलेल्या वाटेनंच फिरतो. आधी उजवा गाल, मग डावा, मग हनुवटी, आणि गळा सगळ्यांत शेवटी. नातू हसतो. म्हणतो, आजोबा, दाढी करताय की पूजा?

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या भागाची राजधानी इतक्या लवकर लवकर बदलली होती की बुलढाण्याच्या कचेरीतले जुने कारकून मुंबईला अर्ज करताना अजूनही चुकून नागपूरचा पत्ता घालायचे. मी संग्रामपूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शिकलो, आणि बुलढाण्याच्या एका हायस्कुलात लागलो. घाटाखालच्या माणसाला बुलढाण्याची थंडी सोसत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी रात्री कोट घालून झोपत होतो. शाळेनंच सांगितलं, वानखडे सरांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे, तिथं जा.

मी गेलो तेव्हा ते दारात स्टुलावर बसून दाढी करत होते. माझ्याकडे बघितलं, हातानं आत जायची खूण केली, आणि पुन्हा आरशात बघायला लागले. दाढी चालू असताना ते बोलत नसत. सगळं आटोपून, तोंड पुसून, तुरटी फिरवून झाल्यावर मग माझ्या तोंडाकडे नीट बघून म्हणाले, "भाऊ, हे तोंड कोणं केलं? मांजर अंगावर आलती काय?"

मांजर नव्हती, मी स्वतःच होतो. गावाकडे दाढी न्हावी करायचा. आठवड्यातून एकदा यायचा, ओसरीवर बसवायचा, आणि आपण डोळे मिटून बसायचं. इथं मुख्याध्यापकांचा दंडक होता की मास्तरांनी रोज गुळगुळीत होऊन यावं. शहरातल्या दुकानात रोज जायचं म्हणजे सकाळ तिथंच जायची. म्हणून मी मलकापूरच्या बाजारातून दाढीचं यंत्र आणलं होतं आणि कुणालाही न विचारता वापरायला लागलो होतो. मराठीच्या तासाला मुलं माझ्या कवितेकडे कमी आणि हनुवटीवरच्या कागदाच्या चिकटवलेल्या तुकड्यांकडे जास्त बघत.

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. सरांनी माझ्या यंत्रातली पत्ती काढून स्वतःच्या डबीत ठेवली आणि रिकामं यंत्र माझ्या हातात दिलं. साबणाचा फेस करायचा, तो चांगला मुरू द्यायचा, आणि बिनपत्तीच्या यंत्रानं सगळी दाढी करायची. फेस निघायचा, केस तिथंच राहायचे. ते समोर खाटेवर बसून बघायचे. यंत्र गालावर दाबलं की जीभ टाळूला लावून च्‌ करायचे. मी कंटाळून विचारलं की पत्ती कधी घालायची. ते म्हणाले, "घाई कायची हाय? पत्ती असली का माणूस शिकत नाही, भेते. आधी हात शिकू दे. यंत्राचं वजन यंत्राले उचलू दे."

हे "घाई कायची हाय" त्यांच्या तोंडात कायम असायचं. मुलगा फळ्यावर अडला की तेच. बस सुटत आली की तेच. भाकरीवरचा ठेचा संपला आणि खानावळीची बाई उशीर लावते म्हणून आम्ही आरडाओरडा करायला लागलो की तेच. पायरी गाळायची नाही आणि पायरी आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं त्यांचं गणित होतं. गणिताच्या मास्तराला ते शोभूनही दिसायचं. मला तेव्हा वाटायचं, याच्यासारखा शहाणा माणूस नाही. आता वाटतं, कुठल्याही गुणाच्या जोडीला थोडी अक्कल वेगळी ठेवावी लागते.

माणूस उंच, हाडापेरानं मोठा, आणि वरच्या ओठावर काळीभोर, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली मिशी. त्या मिशीची त्यांना फार हौस होती. गालावर यंत्र, मिशीच्या कडेला मात्र यंत्राची पत्ती सुटी काढून हातात धरायचे आणि श्वास रोखून कड आखायचे. जुनी पत्ती टाकायचे नाहीत. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटानं दाबून गोल गोल घासायचे की पुन्हा चार दाढ्या निघायच्या. पत्ती अगदीच गेली की ती मुलांच्या पेन्सिलींना. मला म्हणायचे, दाढी पाण्यानं होते, पत्तीनं नाही, आणि स्टोवरचं पाणी आधी मला द्यायचे.

शिकवण्याचा त्यांना नादच होता. रविवारी सकाळी आमच्या खोलीसमोर मॅट्रिकची पोरं, नव्यानं लागलेले कारकून, कोणी पोलिसात भरती व्हायला निघालेला, असे दोघे-चौघे तरी असायचे. सगळे तोंडाला फेस लावून, रिकामी यंत्रं हातात घेऊन ओळीनं उभे. रस्त्यानं जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. सर मागं हात बांधून ओळीतून फिरायचे, कुणाची कोपर खाली करायचे, कुणाचा गाल बोटानं ताणायचे. एकदा अंधारून येताना मुख्याध्यापक स्वतः आले, मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. म्हणाले, धाकट्याला शिकवायचं आहे, जरा पद्धत समजावून सांगा. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते आणि सोमवारी गावातले न्हावी हत्यार धरत नसत, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. सरांनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. धाकट्याची हनुवटी कशी आहे, खळी आहे का, एवढंच विचारलं, आणि बापाच्याच हनुवटीवर बोटानं दिशा दाखवल्या. सोमवारी मुख्याध्यापक चकाचक होऊन आले. फक्त कानाखाली एक लहानसा कागद होता. सर मला म्हणाले, "धाकट्यानं दाबलं."

सरांचं गाव पिंपळगाव राजा. घाटाखाली, खामगावच्या बाजूला. घरची चांगली काळी जमीन, चार बैल, वडील सखारामजी, आई, आणि मुलगा हे एकटेच. बहिणी लग्न होऊन गेलेल्या. त्यांची लग्नं उरकेपर्यंत सरांचं राहून गेलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते शनिवारी दुपारची बस पकडून गावी जायचे आणि सोमवारी परत यायचे. आल्यावर दिवसभर वडिलांच्याच गोष्टी. पण या दाढीच्या यंत्रावरून बापलेकांचं वाजलेलं होतं. सखारामजींचं म्हणणं, आपल्या हातानं आपल्या गळ्याला लोखंड लावणारा माणूस चांगला नव्हे. शिवाय घरचा न्हावी लक्ष्मणकाका, ज्यानं सरांचं जावळ काढलं, त्याला ओसरीवरून परत पाठवायचं म्हणजे काय! सर गावी जायचे तेव्हा यंत्र नेत नसत. रविवारची दाढी राखून ठेवायचे आणि लक्ष्मणकाकासमोर जाऊन बसायचे. बापाचा शब्द मोडायचा नाही आणि यंत्रही सोडायचं नाही, अशी त्यांची समजूत. बापावर त्यांचा फार जीव होता, आणि ते बापालाही कळत होतं.

आता मिशीचं सांगतो.

आमच्याकडे बाप जिवंत आहे तोवर मिशी काढत नाहीत. दाढी काढा, डोक्याचे केस बारीक करा, मिशीला हात लागायचा नाही. ती बाप गेल्यावर नदीवर उतरवायची. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचा ओठ उघडा दिसला की विचारायचीही गरज नसते, कळतं की घरात काय झालं ते. शहरातली पोरं तेव्हा थोडी थोडी हे मोडायला लागली होती, पण शेतकऱ्याच्या घरात कोणाची छाती नव्हती.

श्रावण सरत आला होता. रविवारी सकाळी सर कड आखायला बसले. नवी पत्ती होती. अंगणात कुणाची तरी गाय शिरली आणि घरमालकीण बाई ओरडली, म्हणून सरांनी मान वळवली. एवढंच. डाव्या टोकाचा वळलेला भाग पुसल्यासारखा गेला. सर आरशात बघत बसले. मी म्हटलं, राहू द्या, चार दिवसांत येईल. पण ते गणिताचे मास्तर. एक बाजू कमी, एक जास्त, असं तोंड घेऊन वर्गात कसं जायचं? त्यांनी उजवं टोक घेतलं. ते जरा जास्त गेलं. मग डावीकडून थोडं. मग उजवीकडून. मी चहा टाकत होतो आणि हसत होतो. चहा उकळेपर्यंत नाकाखाली माशी बसल्यासारखा ठिपका उरला. तो ठेवणं म्हणजे सोंगच. त्यांनी ओठ ताणला, यंत्र एकदा फिरवलं, आणि आरसा उपडा ठेवला.

मी हसायचा थांबलो. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मिशीखाली इतका कोवळा ओठ होता की हा पोरांना दरडावणारा माणूसच नव्हे असं वाटलं. ते म्हणाले, "भाऊ, बाबा जिते हायेत माहे." जणू मलाच ते समजावून सांगायचं होतं.

शाळेत पहिल्या दिवशी घोटाळा झाला तो झालाच. मुख्याध्यापकांनी खांद्यावर हात ठेवला आणि रजेचं विचारलं. शिपायानं डोळे पुसले. सरांना वर्गा-वर्गात जाऊन सांगावं लागलं की वडील ठणठणीत आहेत. पोरं काही दिवस फळ्याच्या कोपऱ्यात मिशा काढून ठेवायची, सर पुसून टाकायचे. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांच्या गावचे सुपडाजी म्हणून एक गृहस्थ बांधाच्या दाव्यासाठी बुलढाण्याला कोर्टात आले होते. कोर्टासमोर सर त्यांना आडवे गेले. सुपडाजींनी पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाले, मी तर परवा सखारामजीशी बोलून आलो, केव्हा झालं हे? सरांनी सगळं सांगितलं. पत्ती सांगितली, गाय सांगितली. सुपडाजी ऐकत राहिले आणि म्हणाले, बरं बरं. पण सर खोलीवर आले ते पडलेल्या तोंडानं. गावात ही गोष्ट आपल्या आधी पोचणार, आणि ती कशी पोचणार, हे त्यांना दिसत होतं. जितेपणी बापाच्या नावानं मिशी काढली, असंच लोक बोलणार होते.

मी म्हटलं, आजच बसा बसमध्ये. सुपडाजीच्या आधी नाही पण बरोबर तरी जा. ते म्हणाले, असं तोंड घेऊन? वाढू दे थोडी. घाई कायची हाय.

पोळा जवळ आला होता. पोळ्याला आमच्याकडे नोकरीवरचा मुलगा घरी येतोच. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झूल चढवायची, आणि गावाच्या वेशीपाशी तोरणाखाली बैल उभे करायचे. दरवर्षी सखारामजी पुढं आणि बैलांचे कासरे सरांच्या हातात. सगळं गाव तिथं असतं. त्या सगळ्या गावासमोर सखारामजींच्या शेजारी उघड्या ओठानं उभं राहायचं, हे सरांना नको होतं. स्वतःसाठी नको होतंच, पण बापासाठी जास्त. त्यांनी गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला की शाळेचं काम आहे, जमणार नाही.

पोळ्याच्या आधी, शाळेला सुटी होती त्या दिवशी, सखारामजी स्वतः आले.

मी खोलीत वह्या तपासत होतो. सर मागच्या दाराला नळावर कपडे धूत होते. पुढच्या दाराशी सरांच्या नावानं हाक आली, "गुणवंता!" मी उठून मागं बघितलं, तर सर ओल्या हातानंच मागच्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे गेले होते. जाताना त्यांनी बोट ओठावर ठेवलं. ते बोट मला अजून दिसतं.

म्हातारा दारात उभा. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, आणि मिशी अशी की सरांची कुठून आली ते कळावं. हातात फडक्यात बांधलेल्या मुगाच्या हिरव्या शेंगा. घाट चढून आलेली बस त्यांना लागली होती, चेहरा उतरला होता. मी पाणी दिलं. सर बाहेर गेलेत म्हणून सांगितलं, आणि ते बाहेरच होते. म्हातारा खाटेवर टेकला. म्हणाले, मी बसतो, माझी बस संध्याकाळची आहे.

आम्ही बसलो. शेंगा सोलत बसलो. त्यांनी पोरगा जेवतो कुठं विचारलं, थंडीत काय पांघरतो विचारलं. पीक कसं आहे ते सांगितलं. खिडकीत सरांचं यंत्र होतं, ते उचलून हातात फिरवलं, वजन बघितलं, पुन्हा जागेवर ठेवलं. मी मनातल्या मनात भिंतीपलीकडे हाका मारत होतो. मागचं दार उघडंच होतं आणि ती भिंत दारापासून हाताच्या अंतरावर. मधेच एकदा पलीकडे कोणीतरी खाकरल्यासारखं झालं. म्हातारा त्या बाजूला बघत राहिला. मग त्यांनी आवाज थोडा वाढवला. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "लोकं काहीबाही बोलून राह्यले. पोरानं बाप जिता असताना मिशी काढली म्हणतात. म्हणू द्या. मिशी काय, चुकीनंही जाते. मी काही त्याच्या मिशीवर जगून नाही राह्यलो. त्याले सांगजा, पोयाले ये म्हणा. जसा हाय तसा ये."

एवढं बोलून ते थांबले. भिंतीपलीकडे काही हललं नाही. म्हातारा उरलेल्या शेंगा सोलेपर्यंत बसला, मग फेटा सारखा करून उठला. मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते शाळेबद्दल विचारत होते, पोरं त्याला भितात का, की त्याच्यावर जीव लावतात. मी म्हटलं, दोन्ही. ते खूश झाले. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले, बस सुटेपर्यंत.

परत आलो तर सर खाटेवर, वडील बसले होते त्याच जागी. मी सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "ऐकलं."

मला राग आला. इतके दिवस मोठे म्हणून मान देत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना बोललो. म्हटलं, ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून बोलत होते, भिंत ओलांडायला तुमचं काय जात होतं! सर खाली मान घालून शेंगांची टरफलं गोळा करत होते. म्हणाले, "बुढा रागावला असता त मी गेलो असतो, भाऊ. शिव्या दिल्या असत्या त पायावर पडलो असतो. इतका चांगला बोलला, मले तोंडच उचलता आलं नाही." आणि थोड्या वेळानं, "गणपतीत जातो. तवरोक जरा दिसन अशी होते."

पोळ्याला ते गेले नाहीत. त्या दिवशी खानावळीत पुरणपोळी होती, त्यांनी अर्धी टाकली. बुलढाण्यातही बैल निघाले होते. वाजंत्री ऐकू आली तेव्हा ते उठून बाहेर गेले नाहीत. रोज सकाळी मात्र आरशात बघायचे. बोटानं वरचा ओठ चाचपायचे. तिथं खुंट उगवले होते, मिसरूड फुटलेल्या पोरासारखे. मला म्हणायचे, आणखी थोडं. मिशीला खतपाणी घालता येत नाही.

गणपती बसले होते. सकाळी आम्ही शाळेला निघत होतो तेव्हा पहिल्या बसनं सुपडाजी आले. या वेळी त्यांना काही विचारावं लागलं नाही. ते दारात उभे राहिले आणि सरांकडे बघून म्हणाले, चल. पहाटे गुरांच्या वाड्याकडून म्हातारा बैल सोडून आला, ओट्यावर बसला, आणि गेला. त्रास झाला नाही म्हणे. थांबवून ठेवलंय तुझ्यासाठी.

मी बरोबर गेलो. घाट उतरताना सर खिडकीशी बसले होते. खाली उतरल्यावर दुसरी बस पकडली. गाव जवळ आलं तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तोंडाला बांधला, नाकापासून खाली. धूळ नव्हती, पावसाचे दिवस होते. मी समजलो. सुपडाजींनीही मान फिरवली.

घरासमोर माणसं जमली होती. वाट करून दिली. म्हाताऱ्याला अंगणात घोंगडीवर ठेवलं होतं, फेटा बांधलेला, मिशी पिळलेली. आई उशाशी होती. सर येऊन उभे राहिले. रडले नाहीत, वाकले नाहीत, नुसते उभे, तोंडाला दुपट्टा. बाया रडायच्या थांबल्या. सगळं गाव बघत होतं, आणि आता या घडीलाही हा माणूस दुपट्टा सोडेना. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण तिथं माझं काय चालणार!

आई उठली. लहानशी बाई, त्यांच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती. तिनं हात वर करून दुपट्ट्याची गाठ धरली आणि म्हणाली, "काढ हे. लय दिवस वाट पाह्यली त्यानं. आता तरी तुह्यं तोंड पाहू दे त्याले."

गाठ तिनंच सोडली. सर गुडघ्यावर बसले आणि बापाच्या तोंडाशी तोंड नेलं. इतकं जवळ की मला वाटलं आता म्हातारा डोळे उघडून काहीतरी बोलेल. त्यानंतर ते जे रडले ते मी लिहू शकत नाही.

सर पुन्हा शाळेत आले नाहीत. जमीन होती, आई एकटी होती. पुढं गावच्याच शाळेत लागले असं कळलं. मीही बदलीनं अकोल्याकडे गेलो. जाईन जाईन म्हणत राहिलो आणि गेलो नाही. ते आता नाहीत, हेही मला उशिरा कळलं. म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच, नदीवर.

चिता पेटवायच्या आधी मुलाचं क्षौर करायचं होतं. पाण्याच्या कडेला दगडावर सर बसले होते. लक्ष्मणकाका वस्तरा घेऊन समोर आले. ते सखारामजींच्या बरोबरीचे, पण वस्तरा धरला की हात अजून पक्का. डोकं झालं. गाल झाले. मग ओठापाशी ते थांबले. तिथं खुंट होते, पण त्याला मिशी म्हणावं असं काही नव्हतं. बापाच्या नावानं उतरवायचं ते आधीच उतरलेलं. काकांनी वळून वडीलधाऱ्यांकडे बघितलं. कोणी म्हणालं, राहू द्या, पाणी लावा फक्त. कोणी म्हणालं, विधी तर झाला पाहिजे. माणसांत कुजबुज सुरू झाली, आणि सुपडाजी खाली बघू लागले.

सरांनी मान वर केली. ओठ ताणून धरला, आम्हाला शिकवायचे तसा, आणि म्हणाले, "जेवढी हाय तेवढी घ्या, काका."

लक्ष्मणकाकांनी पाणी लावलं, बोटांनी बराच वेळ मुरवलं, आणि वस्तरा टेकवला. मला परतीची बस गाठायची होती. मी काठ चढून वर आलो तेव्हा ते तसेच बसलेले दिसत होते, मान मागं टाकून, डोळे उघडे ठेवून.